सोबतीला कोण?

अख्खा पक्ष माझ्या बहिणीला ताई म्हणतो. आमच्या वडिलांच्या वयाचे वकीलसाहेब म्हणतात, आणि तिला नावं ठेवणारेसुद्धा "त्या ताईंना काही कळत नाही" असंच म्हणतात. मी तिची सख्खी धाकटी बहीण, पण तो शब्द माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. गर्दीत मी "ताई" अशी हाक मारली तर ती मान वर न करता "बघते, बघते" म्हणते. म्हणून मी तिला नुसतं "अगं" म्हणते. मला मात्र पक्षात छोट्या ताई म्हणतात. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मी आपली छोटीच.

त्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले ते एक गोष्ट सांगायला. दुपारी पक्षाच्या कार्यकारिणीची बैठक होती आणि विषय एकच होता: ताईंनी नेतेपदावर राहायचं की उतरायचं. कार्यकारिणीत मीही आहे. आमच्याकडे हात वर करून मत देतात. मी तिच्याविरुद्ध हात वर करणार होते, आणि हे तिला इतर कुणी सांगण्याआधी माझ्या तोंडून कळावं, एवढंच मला हवं होतं.

दिवस फिरलेत हे तिच्या दारातच कळलं. एरवी तिथे चपलाबुटांचा ढीग असायचा. आत शिरताना कुणाच्या तरी बुटावर पाय पडायचा आणि बाहेर पडताना आपली जोडी सापडेल याची खात्री नसायची. भावोजींच्या कित्येक चांगल्या जोड्या अशा पक्षकार्यात खर्ची पडल्या. त्या सकाळी पायरीवर त्यांच्या एकट्या रबरी सपाता होत्या, आणि त्याही एकमेकींकडे पाठ करून.

भावोजी जनावरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त आहेत. मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसले होते.

"या छोट्या ताई. आज वाटेल त्या खुर्चीवर बसा, सगळ्या मोकळ्या आहेत."

"फोन वगैरे?"

"आला की. गॅसवाल्याचा. त्याचा आपल्याला पाठिंबा आहे, पण सिलिंडर उद्या येईल."

"आणि ती?"

त्यांनी परातीतला एक दाणा उचलून उगाच निरखला. "दुखणं असलं की जनावर कोपऱ्यात तोंड घालून उभं राहतं. ही टेबलाशी बसलीये. तेवढाच फरक."

ताई बैठकीचे कपडे घालून, केस नीट बांधून, जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात पावाचा तुकडा होता आणि त्यावर लोण्याचा गोळा तसाच होता, सुरी न लागलेला.

"खाल्लंस का काही?"

"खाल्लं."

तिच्या मागून भावोजींनी मान हलवली. नाही.

"आज सोबतीला सायकलवाल्यांना नेणार आहे," ती म्हणाली.

हे 'सोबती'चं प्रकरण बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आमचा पक्ष काढला एका मास्तरांनी, शाळेच्या मागच्या खोलीत. सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार आली, आणि सगळ्यांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्याला बाहेर बसवलं. चर्चा लांबली. दार उघडून बघतात तर तो गडी भिंतीकडे तोंड करून उभा, आणि भिंतीलाच आपली बाजू पटवून देत होता. मास्तरांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यांनी नियमच केला: ज्याच्याबद्दल बोलायचं त्याने बाहेर बसावं, पण एकट्याने नाही. सभेतलं एक माणूस त्याने सोबतीला न्यावं. ज्याचं नाव घेतलं त्याने नाही म्हणू नये. आणि जो सोबत बसला त्याने मत देऊ नये, कारण ज्याच्या मांडीला मांडी लावून बसलो त्याचा निवाडा आपल्याच्याने होत नाही.

मास्तर भला माणूस. पण भल्या माणसाचा नियम म्हणजे उघड्यावर ठेवलेलं दूध, मांजर यायला वेळ लागत नाही. सोबतीला आपलं माणूस नेलं तर आपलं एक मत जातं, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. उघड विरोधकाला न्यावं तर बाकीचे म्हणतात, घाबरला. मग उरतो कुंपणावरचा. तेव्हापासून सोबतीला कुणी आवडतं माणूस नेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ताईने स्वतः मागे एकदा खजिनदाराला नेलं होतं. दोघं समोरासमोर एक अक्षर न बोलता बसले, आणि खजिनदार बाहेर आला तेव्हा त्याच्या कोटाचं बटण पिळून पिळून तुटून हातात आलं होतं.

आणि कुंपणावर सायकलवाले काका कायमचे वस्तीला होते. मत देताना ते हात कानापर्यंतच नेतात. पुढेमागे कुणी विचारलंच तर कान खाजवत होतो म्हणता येतं.

"स्टँड नसलेली सायकल आहे ती," ताई म्हणाली. "कुठल्या बाजूला पडेल सांगता येत नाही. त्यापेक्षा बाहेर काढून ठेवलेली बरी."

"अगं, मला तुला सांगायचंय, आज मी—"

"चष्मेवाला तुझ्याकडेही येऊन गेला. माहीत आहे मला. सगळ्यांचे उंबरे झिजवतोय."

"आला होता. पण मी—"

"हाकलून दिलंस. बरं केलंस."

हे असं. हिला ही खोड पूर्वी नव्हती. पहिल्या निवडणुकीच्या वेळी जुन्या बाजारात झाडूवाल्या बाईपुढे ही पालथ्या खोक्यावर बसली होती, आणि बाईचं सगळं गाऱ्हाणं होईपर्यंत तिच्या तोंडून "मग?" याशिवाय शब्द निघाला नव्हता. मी बाजूलाच पिशव्या धरून उभी होते, पायाला रग लागली. त्या "मग?"वर ती निवडून आली, असं मी आजही म्हणेन. तो शब्द तिच्या बोलण्यातून कधी गेला ते कळलं नाही. दुधाचा दात पडावा तसा गेला असावा, खाता खाता. आता ती समोरच्याचं वाक्य अर्ध्यातून उचलते आणि आपल्याला हवं तसं पुरं करते. रस्ता रुंद करायला जुना बाजार उठवायचा होता. तिने पक्षात कुणाला न विचारता त्याला होकार देऊन टाकला. बाजारातली माणसं भेटायला आली तर त्यांचं म्हणणंही तिनेच पुरं केलं. "तुम्हाला दुसरी जागा हवी. मिळेल." ती माणसं दुसरी जागा मागायला आलीच नव्हती. पण आता मिळेल म्हटल्यावर काय बोलणार? आभार मानून गेली बिचारी.

चष्मेवाला आला होता हे खरं. हाकललं हे खोटं. तो पक्षाचा सरचिटणीस, आणि ताईच्या जागेवर आता तोच येणार होता. त्याचं चष्म्यांचं दुकान माझ्या दुकानापासून लांब नाही. मी पडदे शिवते, उशांचे अभ्रे शिवते, कुणी फारच गोड बोललं तर सोफ्याची खोळही. तो आला तेव्हा मी एका लांबलचक पडद्याची तळपट्टी घालत होते.

"छोट्या ताई, दुकानाला पडदे करायचेत."

"चष्म्याच्या दुकानाला? गिऱ्हाइकाला आधीच दिसत नाही, त्यात तुम्ही अंधार करा."

तो हसला. टेबलावरचं कापड चिमटीत धरून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "उद्या तुमची तब्येत बरी नसली तरी चालेल. कुणी काही म्हणणार नाही."

"माझी तब्येत ठणठणीत आहे."

"तुम्हाला पेचात टाकायचं नाही, म्हणून म्हटलं. मी ताईंच्या वाईटावर नाही हो. त्यांनीच मला हाताला धरून आणलं पक्षात."

"आणि आता हात सोडवून घ्यायला जड जातंय, होय ना?"

मला वाटलं तो चिडेल. तो "हो" म्हणाला, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागला. ते पाणी खोटं असतं तर मला फार सोपं गेलं असतं. माप मी तरीही लिहून घेतलं, धंदा तो धंदा. तो गेल्यावर मशीनवर पुन्हा बसले, आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईपर्यंत माझं ठरलं होतं. त्याच्या सांगण्यावरून नाही. मला ती दमलेली दिसत होती, आणि ती दमलीये हे तिला सांगायला कुणी तिचं वाक्य तोडू धजत नव्हतं.

पक्षाच्या गाडीतून आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हर होता, म्हणून सांगायचं राहिलं. खरं म्हणजे ड्रायव्हर नसता तरी राहिलंच असतं. ताई खिडकीबाहेर बघत होती. वाटेत बँक, फुलवाला, आमची जुनी शाळा, सगळं येऊन गेलं. कार्यालयाच्या मागच्या अंगणात गाडी उभी करून ड्रायव्हरने विचारलं, "परत कधी निघायचं, ताई?"

"नेहमीसारखं," ती म्हणाली. त्यावर तो "बरं" म्हणाला नाही. टपावरची धूळ हाताने पुसायला लागला.

सभेच्या खोलीत सगळे फार म्हणजे फारच अदबीने वागत होते. आजारी माणसाच्या खोलीत शिरल्यावर लोक पाय वाजू देत नाहीत, आवाज मऊ करतात, तसे. कुणीतरी न मागता पाण्याचा पेला तिच्यासमोर आणून ठेवला. कुणीतरी पंखा तिच्याकडे वळवला. एरवी ज्यांचा तिच्याशी वाद झाल्याशिवाय बैठक उरकत नसे ते खाली मान घालून खिशात काहीतरी शोधत होते. मला वाटलं, यांनी आरडाओरडा करावा. निदान एकाने तरी टेबलावर हात आपटावा. पण नाही. चहा आला, कपांचे आवाज झाले, कप परत गेले.

वकीलसाहेब अध्यक्षस्थानी होते. त्यांनी विषय वाचला, घसा साफ केला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "ताई, सोबतीला कोण?"

सायकलवाले काका तयारीत होते. चहा त्यांनी आधीच घाईघाईने संपवला होता. कोटाची बटणं लावून खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते, दंतवैद्याकडे नंबर आलेल्या माणसासारखे. ताई उभी राहिली. तिने सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली, सावकाश, काहीतरी हरवलंय आणि ते इथेच असेल, अशी. काका अर्धवट उठलेसुद्धा.

"माझी बहीण," ताई म्हणाली.

काका तसेच अधांतरी राहिले.

वकीलसाहेब पुढे वाकले. "ताई, एकदा विचार करा. घरचं मत असं—"

"सांगितलं मी."

खोलीत कुजबुज झाली. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "गुर्मी बघ. घरचं मत उधळतेय." दुसरा म्हणाला, "गुर्मी नव्हे रे, हात टेकले तिने." चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि न घालताच बसून राहिला. मी पिशवी उचलली आणि तिच्यामागून निघाले. नाही म्हणायचं नसतं.

सोबतीची खोली म्हणजे एरवीची अडगळीची खोली. झेंड्यांच्या काठ्या, बिघडलेला कर्णा, पाय मोडलेलं टेबल, आणि मागच्या निवडणुकीची न लावलेली पोस्टरं, गठ्ठे बांधून. प्रत्येक गठ्ठ्यावर ताईचाच चेहरा होता, आणि सुतळी बरोबर नाकावरून आडवी गेली होती. आम्ही बाकावर बसलो. भिंतीपलीकडून बोलण्याचा नुसता घुमारा येत होता, शब्द कळत नव्हते.

"किती दात काढलेत मी," ती पोस्टरकडे बघून म्हणाली.

"फोटोवाला म्हणाला असेल, हसा."

"असेल." मग म्हणाली, "दाढ काढताना सुई टोचतात ना, तसं झालंय मला. ओढतायत ते कळतंय. हिसडेसुद्धा कळतायत. दुखत तेवढं नाही."

"आजच?"

"नाही गं. बरेच महिने." तिने हात पुढे केले आणि उलटसुलट करून पाहिले. "बाजार उठवायच्या कागदावर सही केली तेव्हाही असंच. वाटलं, आता काहीतरी वाटेल. मग जेवायची वेळ झाली."

मी तिचा हात हातात घेतला. गार होता, फडताळातल्या भांड्यासारखा. तिने काढून घेतला नाही, आणि माझा धरलाही नाही.

"काकांना का नाही आणलंस?"

"आणणारच होते. नाव ओठावर होतं. मग सगळीकडे पाहिलं, आणि वाटलं, आता या कोंडवाड्यात याच्यासमोर बसायचं? तो बटणं पिळणार, मी भिंत बघणार." तिने खांदे उडवले. "कुणाशेजारी बसायला बरं वाटेल, एवढंच पाहिलं. बाकी डोक्यात काही आलंच नाही."

गेल्या कित्येक वर्षांत आमच्या पक्षात सोबतीला सोबतीसाठी नेलेली मीच पहिली असेन. आणि ती मी असावी! हसावं की रडावं ते मला कळेना. पण आता गप्प बसणं म्हणजे तिच्या शेजारी खोटं बसणं झालं असतं.

"मी तुझ्याविरुद्ध हात वर करणार होते," मी म्हटलं. "सकाळी तेच सांगायला आले होते."

बाहेर ड्रायव्हर गाडीवर पाणी मारत होता, त्याचा आवाज येत होता.

"मग बरंच झालं की," ती म्हणाली. "न ठरवता एक विरोधी मत बाहेर काढलं. उगाच नाही मला मुरब्बी म्हणत."

ती नाकातून हसली, मीही हसले. मग ते हसणं कुठेतरी विरलं आणि आम्ही दोघी बाकावर नुसत्या उरलो.

"का पण?" तिने विचारलं.

मी बोलायला लागले आणि अडखळले. ती मध्ये बोलेल म्हणून मी थांबले. ती बोलली नाही. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. मग माझ्या लक्षात आलं की तिच्याशी बोलायची माझी सगळी वाक्यं अर्धीच तयार असतात. पुढचा भाग मी कित्येक वर्षांत केलाच नव्हता, त्याची गरजच पडत नव्हती. मग जे सुचलं ते बोलले. बाजारातली माणसं आभार मानून गेली त्याबद्दल बोलले. भावोजी तिच्या ताटावर झाकण ठेवून ठेवून शेवटी एकटे जेवतात त्याबद्दल बोलले. मागे मला ताप आला होता तेव्हा तिचा फोन आला आणि मी "बरं वाटत ना—" म्हणेपर्यंत तिने "चला, बरं वाटतंय ना, छान" म्हणून ठेवून दिला, तेही सांगितलं. ते सांगायचं नव्हतं खरं. राजकारणात तापाला कोण विचारतो. पण बोलता बोलता ते निघालं.

"तुला ताप होता?"

"आता नाहीये."

"कधी?"

"झालं आता. राहू दे."

तिने मान हलवली. "मला यातलं काही आत जात नाहीये, हे तुला कळतंय ना? ऐकू येतंय सगळं."

"कळतंय."

"नंतर जाईल कदाचित."

"जाईल."

दारावर टकटक झाली. निकाल आधी सोबतीच्या माणसाला सांगायचा आणि त्याने तो आतल्याला सांगायचा, हाही मास्तरांचाच नियम. मी दाराबाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. वकीलसाहेब उभे होते, हातातला चष्म्याचा डबा उघडत होते, मिटत होते.

"गेलं," ते म्हणाले. "थोडक्यात नाही. बऱ्याच मतांनी."

"म्हणजे माझ्या मताने काही फरक..."

"काही नाही. तुमच्याने नाही, कुणाच्यानेच नाही." मग ते जवळ आले. "गंमत ऐका. सायकलवाले तिच्या बाजूने होते. हात चक्क डोक्याच्या वर! सगळे बघतच राहिले."

"काका? ते कसे?"

"अहो, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते सोबतीला जाणार हे या बाजूने धरलेलं, त्या बाजूनेही धरलेलं. मग त्यांच्याकडे जाऊन वेळ कोण घालवतो? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी गाठलं नाही, दटावलं नाही. म्हणाले, मला तर ताईच बऱ्या वाटतात." वकीलसाहेबांनी डबा खिशात टाकला. "सांगा तिला सावकाश."

आत गेले तेव्हा ती उभी होती. मी काही बोलण्याआधी तिने तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता हेही वाक्य ही पुरं करणार. पण तिने ओठ मिटले आणि थांबली. मला सांगावंच लागलं.

"तू आता नेता नाहीस," मी म्हटलं. किती ओबडधोबड वाक्य. शिवणीत असं झालं असतं तर मी उसवलं असतं. "फरक मोठा आहे. मी आत असते तरी काही झालं नसतं."

"सायकलवाले?"

"तुझ्या बाजूने."

"चल," ती म्हणाली.

"खरंच. हात पुरा वर."

ती मटकन बाकावर बसली. हरल्याचं ऐकून जो चेहरा हलला नव्हता तो आता जरासा हलला, झोपेत कूस बदलताना हलावा तसा. "आणि मी त्या माणसाला बाहेर काढणार होते," ती म्हणाली. पुन्हा एकदा तेच म्हणाली. मग उठून तिने कपडे झटकले, माझ्या खांद्यावर चिकटलेला दोरा काढून टाकला आणि दार उघडलं.

आम्ही सभेत शिरलो तसे सगळे उभे राहिले. ती नेता असताना असे एकदाही उभे राहिले नव्हते. ती म्हणाली, "बसा," आणि सगळे लगेच बसले, सवयीने. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्यालाच बसायला जागा नाही. मधली मोठी खुर्ची रिकामी होती. चष्मेवाला तिच्यामागे उभा होता, पण बसला नव्हता, तेवढी लाज त्याला होती. दुसरी रिकामी खुर्ची एकच, मागच्या रांगेतली, माझी. ताई रांगेतून वाट काढत गेली आणि तिच्यावर बसली. शेजारच्या माणसाने पाय आखडून घेतले. मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.

चष्मेवाल्याने काहीतरी बोलायला सुरुवात केली, ताईंचे उपकार वगैरे, आणि त्याचा आवाज फाटला. ताई मागून म्हणाली, "पुढचा विषय घे बाबा, लोकांना घरी जायचंय." लोक हसले, सुटल्यासारखे. पुढचा विषय होता कार्यालयाच्या मागच्या संडासाची गळती. त्यावर मात्र जोरदार चर्चा झाली. टेबलावर हातसुद्धा आपटले.

बैठक संपल्यावर आम्ही मागच्या अंगणात आलो. गाडी लखलखीत धुऊन उभी होती आणि ड्रायव्हर दार धरून उभा होता. पण ते दार त्याने कुणासाठी धरावं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. एकदा आमच्याकडे बघे, एकदा कार्यालयाच्या दारात आलेल्या चष्मेवाल्याकडे.

"त्यांना सोड," ताईने त्याला सांगितलं. "त्यांचं घर तुला माहीत आहे ना?"

"हो ताई. पण तुम्ही?"

"ही आहे ना," ती म्हणाली.

मग आम्ही चालत बसथांब्यावर गेलो. ऊन उतरलं होतं. कारखान्यातून सुटलेली माणसं, शाळेच्या बाई, औषधांची पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ, असे सगळे रांगेत होते. आम्ही शेवटी उभ्या राहिलो. एका बाईने ताईला ओळखलं, पाहिलं, आणि आपल्याला भास झाला असं ठरवून पुन्हा पुढे बघायला लागली.

"आपल्या घरी कुठली बस जाते?" ताईने विचारलं.

"तुझ्या की माझ्या?"

तिने जरा विचार केला. "तुझ्या. हे जेवतील आज एकटे. सवय आहे त्यांना." मग म्हणाली, "फोन करून सांगते मात्र."

तिने भावोजींना फोन केला. ते पलीकडून बरंच काही बोलत असावेत, कारण ती फोन कानाला लावून नुसती उभी होती. मध्ये एकदा "हं" म्हणाली. फोन ठेवून पिशवीत टाकला.

"काय म्हणाले?"

"मटार जास्त झालेत म्हणाले. घेऊन येतायत तुझ्याकडे." तिचा आवाज सपाट होता, बातमीपत्र वाचल्यासारखा. रांग थोडी पुढे सरकली. मग त्याच आवाजात म्हणाली, "मी समोर बसलेली असते तरी केला असतास हात वर?"

"हो."

"माझ्याकडे बघून?"

"ते नसतं जमलं. खाली बघून केला असता."

तिने मान डोलावली. राग नव्हता, बरं वाटल्याचंही दिसत नव्हतं. एखाद्या अनोळखी गावाचा पत्ता समजून घ्यावा तशी तिने ती गोष्ट समजून घेतली.

"काकांच्या दुकानात जायला हवं," ती म्हणाली. "उद्या नको. परवा. काही सायकल घ्यायची नाही. बसायचं नुसतं."

"मी येऊ?"

"नको. एकटी जाते."

समोरून बस आली. आमची नव्हती. पण रांगेतली माणसं हलली तशी तीही हलली, पायरीवर पाय टाकला, दांडीला हात घातला. मी तिचा दंड धरून तिला खाली ओढलं.

"ही नाही," मी म्हटलं. "अजून वेळ आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी उभी राहिली.